मॉक ड्रिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी स्वयंसेवक म्हणून सरावांना जातो. कधी जखमी होऊन जमिनीवर पडायचं असतं, कधी वही घेऊन निरीक्षक म्हणून कडेला उभं राहायचं असतं. ७ मे २०२५ रोजी देशभर ‘ऑपरेशन अभ्यास’ हा नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात महाराष्ट्रातली उरण, तारापूर, मनमाड, सिन्नर अशी सोळा ठिकाणं होती. तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी, शिक्षक, कारखान्यातले सुपरवायझर तेच ते प्रश्न पाठवत आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. मॉक ड्रिल, रंगीत तालीम, प्रात्यक्षिक, टेबलटॉप: सगळं एकच ना?

नाही. प्रात्यक्षिक म्हणजे करून दाखवणं: जवान दोरीवरून उतरतो, आपण टाळ्या वाजवतो. त्यात चुकायला जागा नसते, कारण सगळं आधी बसवलेलं असतं. टेबलटॉप म्हणजे सगळे विभाग एका टेबलाभोवती नकाशा घेऊन बसतात. सूत्रधार सांगतो, “दहा वाजून पाच मिनिटं, टँकर उलटला, वारा पूर्वेकडे.” मग पोलीस, अग्निशमन, आरोग्य, महसूल आपापल्या खात्याने काय करायचं ते तोंडी सांगतात. मॉक ड्रिल किंवा रंगीत तालीम म्हणजे तेच प्रत्यक्ष मैदानात, खऱ्या गाड्या आणि खरे वायरलेस संच वापरून. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची पद्धत अशी की आधी समन्वय बैठक, मग टेबलटॉप, मग मैदानी सराव आणि शेवटी उजळणी, म्हणजे काय चुकलं याची चर्चा. अनेक ठिकाणी पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट मैदानात उतरतात, आणि मग तिथे एकच गोंधळ उडतो.

२. हे सराव घेणं कायद्याने बंधनकारक आहे का?

काही जणांना आहे. घातक रसायनांबाबतच्या १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार कारखान्याला आपल्या आवारातल्या आपत्कालीन आराखड्याची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यावीच लागते. आवाराबाहेर, म्हणजे आजूबाजूच्या वस्तीसाठीच्या आराखड्याची तालीम वर्षातून किमान एकदा प्रशासनाने घ्यायची असते. विमानतळांवर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दोन वर्षांतून एकदा पूर्ण स्वरूपाचा सराव होतो. उंच इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहितेत फायर ड्रिलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

कारखान्याजवळ राहत असाल तर आवाराबाहेरच्या आराखड्याबद्दल विचारणं हा तुमचा हक्क आहे. त्या आराखड्यात तुमची वस्ती असते, तुमची शाळा असते. भोपाळमध्ये १९८४ साली कारखान्याबाहेरच्या लोकांना पळायचं कुठे आणि कसं हे कुणी सांगितलं नव्हतं. हे नियम त्यानंतरच आले.

३. आमच्या चौकात पोलीस ढाली-लाठ्या घेऊन धावत आले, समोरून दुसऱ्यांनी घोषणा दिल्या. नंतर कळलं सराव होता. हे काय असतं?

याला पोलिसांत ‘दंगा काबू योजना’ म्हणतात. गणपती, नवरात्र, मोहरम, निवडणुका यांच्या आधी पोलीस ठाणी ती घेतात. दोन गट पडतात. एक गट जमाव होतो, दुसरा बंदोबस्त. बघणाऱ्याला ती पळापळ वाटते, पण तालीम क्रमाची असते: आधी ध्वनिक्षेपकावरून इशारा आणि पांगण्याचा आदेश, मग अश्रुधूर, मग लाठी, आणि गोळीबार अगदी शेवटी. बेकायदा जमाव पांगवण्याचा आदेश कोणी द्यायचा हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८मध्ये ठरलेलं आहे: कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचे प्रभारी, किंवा ते नसतील तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. रागाच्या भरात क्रमातली एक पायरी सुटली की काय होतं हे या राज्याने पाहिलंय. म्हणून दरवर्षी तोच तो कंटाळवाणा क्रम घोटून घेणं मला फार मोलाचं वाटतं.

४. सायरन वाजला तर खरा की सरावाचा, हे ओळखायचं कसं?

आवाजावरून ओळखता येत नाही, आणि येऊही नये. नागरी संरक्षणाच्या पद्धतीत दोन मिनिटं चढउतार करणारा सायरन म्हणजे धोका, आणि दोन मिनिटं एकसुरी सलग सायरन म्हणजे धोका टळला. सरावातही हेच दोन आवाज वाजतात. पूर्वसूचना मिळालेली नसेल तर तो खराच धरून वागा. कारखान्यांच्या भोंग्यांचे अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकतात. तुमच्या शेजारच्या कंपनीचा भोंगा काय सांगतो ते आजच विचारून घ्या. नगरपालिकेचा रोजच्या वेळेचा भोंगा यात धरू नका.

५. मला जखमीची भूमिका दिली आहे. काय करायचं असतं?

या प्रश्नाला मोठं उत्तर देतो, कारण लोक ही भूमिका हलक्यात घेतात. तुमच्या गळ्यात किंवा खिशात एक चिठ्ठी असते. त्यावर तुमची ‘लक्षणं’ लिहिलेली असतात: श्वास मिनिटाला ३४, हाक मारली तर प्रतिसाद नाही, डाव्या मांडीतून रक्त. ती पाठ करा आणि जे लिहिलंय तेवढंच दाखवा. आपल्या मनाने बरे होऊ नका, आपल्या मनाने मरू नका.

जवान तुमच्याजवळ येऊन अर्धा ते एक मिनिटच थांबेल. तो उपचार करायला आलेला नसतो, वर्गवारी करायला आलेला असतो. ‘स्टार्ट’ नावाची ही पद्धत १९८३च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार झाली. तिचा हिशोब सोपा आहे. प्रत्येकाला रंगाची पट्टी लावायची: लाल म्हणजे आधी न्यायचा, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा किरकोळ, काळा म्हणजे आशा नाही. जे चालू शकतात त्यांना एका बाजूला बोलावतात, ते हिरवे. जो श्वास घेत नाही त्याचा श्वासमार्ग मोकळा करतात. तरीही श्वास आला नाही तर काळी पट्टी, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३०पेक्षा जास्त असेल तर लाल. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले किंवा मनगटाची नाडी लागली नाही, तर लाल. “माझा हात दाबा” एवढं सांगूनही कळत नसेल, तर लाल. उरलेले पिवळे.

आता गंमत बघा, जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो बहुतेक वेळा हिरवा किंवा पिवळा असतो. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. कोपऱ्यात गप्प पडलेला लाल असतो. नवे जवान ओरडणाऱ्याकडे धावतात, आणि ही सवय मोडण्यासाठीच तुमची गरज आहे. म्हणून तुमच्या चिठ्ठीवर ‘किंचाळत राहणे, फक्त मनगट मोडलेलं’ असं लिहिलं असेल तर मनापासून किंचाळा. एकदा माझ्या चिठ्ठीवर ‘निपचित’ होतं. तब्बल वीस मिनिटं माझ्या अंगावरून लोक ये-जा करत होते. उजळणीच्या वेळी तेच मुख्य निरीक्षण ठरलं.

घरून निघताना पोटभर खा, जुने कपडे घाला, दमा किंवा हृदयविकार असेल तर आधीच सांगा. खरा त्रास झाला तर काय म्हणायचं, ते प्रश्न १२मध्ये आहे.

६. मला काळी पट्टी लावली. मी जिवंत असताना जवान मला सोडून पुढे गेला. हे क्रूर नाही का?

मन हेलावतं, खरंय. पण चार जवान आणि चाळीस जखमी असतील तेव्हा ज्याचा श्वासमार्ग उघडूनही श्वास येत नाही त्याच्यापाशी पाच मिनिटं घालवली, तर तेवढ्यात दोन-तीन लाल पट्टीवाले जातात. हा निर्णय घेताना माणसाचा हात थरथरतो. पहिल्यांदा थरथरायचा असेल तर तो सरावात थरथरू दे. जास्त मनुष्यबळ आलं की पुन्हा फेरी होते आणि पट्ट्या बदलतातही.

७. सोसायटीत फायर ड्रिल घ्यायची आहे. सुरुवात कुठून?

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये घेऊन द्यायचं असतं. तिथूनच सुरुवात करा: प्रमाणपत्र आहे का, आणि पंप खरंच चालू होतो का. मग स्थानिक अग्निशमन केंद्राला पत्र द्या.

पहिल्या ड्रिलला एकच गोष्ट मोजा: शेवटचा माणूस खाली यायला किती मिनिटं लागली. लिफ्ट बंद. जिन्यातली कपाटं, सायकली, चपलांचे स्टँड आणि कुंड्या तुमच्या डोळ्यांना रोज दिसत असतात, पण धुरात पायाला लागतात तेव्हाच कळतं की त्या वाटेत आहेत. एका इमारतीत आम्ही ड्रिल घेतली, तेव्हा मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. वॉचमन गावी गेला होता. दुपारपर्यंत ते कुलूप काढून टाकलं. त्या ड्रिलमधून एवढं एकच साधलं, आणि मला ते पुरेसं वाटलं.

८. आजी अंथरुणाला खिळून आहे. आम्ही ड्रिलमध्ये काय करायचं?

तिला ड्रिलमधून वगळू नका. निदान कागदावर तरी तिचं नाव, मजला आणि खोली यायला हवी, आणि ती यादी खाली वॉचमनच्या केबिनमध्ये हवी. ब्लँकेट किंवा चादरीवर ओढत नेणं कसं करायचं ते अग्निशमन जवानांकडून शिकून घ्या. आधी सशक्त माणसावर करून बघा. ऐकू न येणाऱ्यांसाठी दिवा किंवा शेजाऱ्याचं दार वाजवणं ठरवून ठेवा. ज्या ड्रिलमध्ये फक्त धडधाकट माणसं जिना उतरतात त्यातून आकडा चांगला येतो, पण तो खोटा असतो.

९. आगीशी रोज झुंजणाऱ्या जवानांना खोट्या धुराचा सराव कशाला?

कारण खऱ्या आगीत हवेचा हिशोब शिकायला वेळ नसतो. पाठीवरचा श्वसनसंच घ्या: सहा लिटरचा सिलिंडर, ३०० बार दाब, म्हणजे साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं. पण होज ओढत चार जिने चढणारा माणूस याच्या दुप्पट हवा ओढतो, म्हणजे पंचवीस मिनिटंही नाहीत. सिलिंडर ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते आणि तिथून मोजकीच मिनिटं उरतात. आत जायला लागलेला वेळ परत यायलाही लागतो, हे अंधाऱ्या धुराच्या गॅलरीत रांगताना शरीराला समजतं, फळ्यावर समजत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात आणि राज्यातल्या प्रशिक्षण केंद्रांत हे घोटून घेतात.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे माहिती विचारणं. १४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठींबरोबर त्यात शेकडो टन स्फोटकं होती. ६६ अग्निशमन जवान गेले, आणि १४ एप्रिल आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो. “आत काय आहे?” हा प्रश्न पाण्याचा पहिला फवारा मारण्याआधी विचारायची सवय सरावातच लावावी लागते.

१०. गोळीबाराचे रेंज असताना पोलिसांना पडद्यावरच्या सिम्युलेटरची गरज काय?

रेंजवर नेम शिकवतात. पडद्यावर ‘गोळी झाडायची की नाही’ हे शिकवतात. समोरचा माणूस खिशात हात घालतो. मोबाइल काढतो की कट्टा, हे ठरवायला अर्धा-एक सेकंद मिळतो. चित्रीकरणात एकच प्रसंग अनेक शेवटांनी दाखवता येतो, त्यामुळे पाठांतर होत नाही. भीतीने नजर अरुंद होते, कडेचं दिसत नाही, आवाज ऐकू येत नाहीत, बोटं जड होतात. हे आपल्याला होतं हे एकदा अनुभवलेला माणूस दुसऱ्यांदा थोडा सावध असतो. चांगला प्रशिक्षक न झाडलेल्या गोळीबद्दलही शाबासकी देतो. नुसता नेम मोजणारा सिम्युलेटर म्हणजे महागडा व्हिडिओ गेम, असं माझं स्पष्ट मत आहे.

११. आता व्हीआर चष्मे आले. मैदानी सराव बंद करता येतील का?

नाही. चष्म्यात रासायनिक गळती सुरक्षितपणे पन्नास वेळा दाखवता येते, वर्गवारीचा सराव (प्रश्न ५) एकट्याने करता येतो, खर्चही वाचतो. पण चष्म्यात स्ट्रेचरचं वजन नसतं, वायरलेसची खरखर नसते, आणि दोन खात्यांचे अधिकारी “इथे हुकूम कुणाचा?” यावर अडत नाहीत. आपल्याकडे बहुतेक गोष्टी याच शेवटच्या मुद्द्यावर अडतात.

१२. सराव चालू असताना खरंच कुणाला लागलं किंवा खरी घटना घडली तर?

प्रत्येक सरावाआधी एक ठरावीक वाक्य सगळ्यांना सांगितलेलं हवं, उदाहरणार्थ “सराव नाही, खरं आहे”, तीनदा. ते ऐकू आलं की सगळं जागच्या जागी थांबतं. जखमीची भूमिका करणारा “वाचवा, छातीत दुखतंय” ओरडला तर तो अभिनय समजला जाईल. हे वाक्य म्हटलं तर नाही. शिवाय सरावाबाहेर ठेवलेली एक खरी रुग्णवाहिका आणि एक बंब हवाच. खरा कॉल आला तर सरावातल्या गाड्या सोडायच्या, आणि त्याबद्दल कुणीही नाराज व्हायचं नाही.

सरावात माणसं दगावली आहेत. जुलै २०१८मध्ये कोइमतूरच्या एका महाविद्यालयात आपत्ती प्रशिक्षणाच्या नावाखाली विद्यार्थिनीला दुसऱ्या मजल्यावरून खाली उडी मारायला लावलं. खाली जाळी धरलेली होती, पण ती मुलगी सज्जावर आपटली आणि गेली. प्रशिक्षक स्वतःला राष्ट्रीय प्राधिकरणाचा म्हणवत होता. तो आमचा नाही, असं प्राधिकरणाने सांगितलं. ऑगस्ट २०१६मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या पुंटा गोर्डा इथे पोलिसांच्या ‘झाडायची की नाही’ या नागरिकांसाठीच्या सत्रात बंदुकीत खरी गोळी निघाली आणि निवृत्त ग्रंथपाल असलेली ७३ वर्षांची बाई मेली. म्हणून तीन गोष्टींवर अडून बसा: प्रशिक्षकाचं लेखी नियुक्तिपत्र, उंचीवरून विद्यार्थ्यांना उतरवायचं नाही (तिथे पुतळा वापरा), आणि सरावाच्या जागी खरा दारूगोळा शून्य, दोघांनी वेगवेगळा तपासलेला.

१३. सराव आधी जाहीर करावा की अचानक घ्यावा?

सामान्य लोकांसाठी जाहीर करूनच. गर्दीच्या जागी अचानक खोटा हल्ला दाखवला तर चेंगराचेंगरी होऊ शकते. यंत्रणांसाठी मात्र तारीख माहीत, वेळ आणि प्रसंग माहीत नाही, अशी मधली वाट बरी. नियंत्रण कक्षाला आणि जवळच्या रुग्णालयाला कल्पना असलीच पाहिजे.

१४. सराव नेहमी सकाळी अकरालाच का असतात?

कारण अकराला अधिकारी उपलब्ध असतात आणि फोटो चांगले येतात. पण किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, लोक गणपती बोळवून नुकतेच झोपले होते. भोपाळ मध्यरात्री. सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री, महाडजवळ, पुरात. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री, भर पावसात, गाडीरस्ता नसलेल्या डोंगरावर. तिथे चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. सपाट मैदानावर दहा सराव केले तरी त्या चढणीची तयारी होत नाही. मी प्रत्येक बैठकीत मागतो: तीनपैकी एक तरी सराव अंधारात, एक पावसात. कंदिलाच्या उजेडात वर्गवारीच्या पट्ट्यांचे रंग ओळखून बघा, मग कळेल.

१५. सरावातल्या ‘अतिरेक्या’ला विशिष्ट धर्माचा वेश किंवा घोषणा देतात. हे चालतं का?

नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अतिरेक्याची भूमिका करणाऱ्याला एका विशिष्ट समाजाचा दाखवू नये, असं पोलिसांना बजावलं. न्यायालयाचं सोडा, प्रशिक्षण म्हणूनही ते चुकीचंच आहे. जवानाला हात आणि हालचाल बघायला शिकवायचं, की दाढी-टोपी? जे घोटाल तेच प्रत्यक्षात बाहेर येईल.

१६. सरावाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर चालेल?

‘सराव’ हा शब्द चित्रावरच लिहून टाका, खाली मजकुरात नको, तो पुढे पाठवताना गळतो. खरी आपत्ती म्हणून घबराट पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५च्या कलम ५४नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

१७. पेपरात दरवेळी ‘मॉक ड्रिल यशस्वी’ छापून येतं. मग उपयोग काय?

उपयोग संध्याकाळच्या उजळणीत असतो, आणि ती पेपरात येत नाही. चांगल्या उजळणीत चार प्रश्न असतात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, आणि तो कोण किती तारखेपर्यंत भरून काढणार. कनिष्ठ आधी बोलतात, साहेब शेवटी. एका कारखान्याच्या सरावात मी निरीक्षक होतो. जमण्याची जागा फलकावर उत्तम रंगवलेली, सगळे पाच मिनिटांत तिथे हजर. वर पाहिलं तर वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा थेट आमच्याकडे फुगलेला. खरा क्लोरिन असता तर आम्ही सगळे रांगेत उभे राहून तो श्वासात घेतला असता. हवेपेक्षा जड वायू, सखल मैदान, वाऱ्याच्या खालची बाजू. एका हेल्परने हे आधी सांगितलं होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दोन पर्यायी जागा ठरल्या. बातमीत अर्थातच ‘यशस्वी’ आलं.

तुमच्याकडे सराव झाला तर अहवाल मागा. त्यात एकही त्रुटी नसेल तर सराव पुन्हा घ्यायला सांगा.

१८. मला यात सामील व्हायचंय. कुठे जाऊ?

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात. ‘आपदा मित्र’ योजनेत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. होमगार्ड आणि नागरी संरक्षण दल हे जुने मार्ग आहेतच. वय जास्त असेल तर जखमी व्हायला या. साठीच्या पुढच्या जखमींची प्रत्येक सरावात कमतरता असते, आणि स्ट्रेचर उचलणाऱ्या पोरांना ऐंशी किलोचे आजोबा एकदा तरी उचलायला मिळाले पाहिजेत.